सर्टिफिकेट मिळालं, पण नमुना 8 कोण शिकवणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी महिला नेतृत्व विकासाचं एक दिवसाचं शिबिर झालं, मीपण गेले होते. सकाळी उपमा-चहा, मग दोन भाषणं, एक पीपीटी, दुपारी जेवण, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो, की पाचच्या एसटीने सगळ्या घरी. सर बोलले चांगलं, आत्मविश्वास पाहिजे वगैरे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण येताना माझ्या शेजारच्या सीटवर एक नवीन निवडून आलेली सदस्य बसली होती, ती हळूच म्हणाली, "ताई, मासिक सभेत सारखं नमुना आठ, नमुना आठ म्हणतात ते काय असतं हो?" आता बघा, नमुना 8 म्हणजे घरपट्टीची कर आकारणी, गावातलं प्रत्येक घर कोणाच्या नावावर आणि पट्टी किती ते त्यात असतं. पंचायतीत असे 1 ते 33 नमुने आहेत, आणि दिवसभर नेतृत्व नेतृत्व ऐकून आलेल्या बाईला त्यातला एकही कोणी उघडून दाखवला नव्हता.

म्हणून हे पत्र लिहितेय. मी पंधरा वर्षं बचत गटात आहे आणि मध्ये एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते. जे काही थोडंफार शिकले ते शिबिरात नाही, गटाच्या बैठकीत सतरंजीवर बसून शिकले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वही पूर्ण, ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते, पण ती पाळायची वेळ आली की खरी परीक्षा. माझ्या मोठ्या जाऊबाईंचे तीन हप्ते थकले होते आणि त्या दुसरं कर्ज मागत होत्या. सगळ्या बायका वहीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी कसंबसं म्हणाले, आधीचं फेडा मग बघू. दोन महिने आमच्यात बोलणं बंद, एकाच चुलीवर स्वयंपाक आणि तोंडं दोन दिशेला. पण पुढच्या बैठकीपासून हप्ते वेळेवर यायला लागले, जाऊबाईंचेसुद्धा.

पंचायतीत गेले तेव्हा वाटलं हे सगळं येतंच आपल्याला. कसलं काय. पहिलं वर्षभर भाऊसाहेब म्हणतील तिथे सही (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे, पण गावात भाऊसाहेबच). आमचे हे सोबत यायचे आणि सरळ माझ्या खुर्चीवर बसायचे, मी मागे बाकावर, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही चुकीचंही वाटत नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी सभेच्या अर्धा तास आधी जायला लागले, खुर्ची धरायची म्हणून आणि जमाखर्च वाचायचा म्हणूनही. चार-पाच सभा तर नुसते आकडे बघत होते, काही कळायचं नाही, पण विचारत राहिले. मग कळलं की पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात आणि आमच्याकडे ते तसेच पडलेत. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हे बोलायचं ठरवलं, लग्नपत्रिकेच्या मागे चार ओळी लिहून नेल्या, माईक हातात आला आणि आवाजच फुटेना. मागून कोणीतरी हसलं. त्या वेळी दोन ओळी बोलून बसले. पण पुढच्या ग्रामसभेत पुन्हा उभी राहिले, त्याच्या पुढच्या सभेतही, आणि तिसऱ्या वर्षी अंगणवाडीला वजनकाटा आणि पाण्याचा फिल्टर आला. फार मोठं काम नाही हे मलाही कळतं.

आता खरी अडचण सांगते. काम समजायला लागलं तोवर टर्म संपली आणि आमच्या वॉर्डाचं आरक्षण बदललं. 73वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली आणि आपल्या राज्यात 2011 पासून महिलांना 50 टक्के जागा आहेत, त्या नसत्या तर मी पंचायतीची पायरीसुद्धा चढले नसते, त्यामुळे आरक्षणाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. ओपन जागेवर बाईला उभं राहता येतं हेही माहीत आहे. पण मी नुसता विषय काढला तर घरातलेच म्हणाले, आता लेडीज सीट नाहीये, तू कशाला? म्हणजे पाच वर्षं शिकलेली बाई घरी आणि तिच्या जागी शिकणारा पुन्हा नवा. हिवरे बाजारचं आपण सगळे कौतुक करतो, पोपटराव पवारांना 2020 ला पद्मश्री जाहीर झाली, पण ते सरपंच झाले 1989 ला हे कोणी मोजत नाही. दरवर्षी गावापुढे पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, ही सवय एका पंचवार्षिकमध्ये लागत नसते. बाईकडून मात्र पहिल्या सहा महिन्यांत अपेक्षा, नाही जमलं की सरपंचपती तयारच.

दोष सगळा बाहेरच्यांचा नाही. गटाचे अध्यक्ष-सचिव बदलत राहावेत असं आम्हाला प्रत्येक ट्रेनिंगला सांगतात, तरी मी नऊ वर्षं अध्यक्षपद सोडलं नव्हतं, कारण सगळ्या म्हणायच्या तुम्हीच राहा ताई आणि मला ते गोड लागायचं. शेवटी सोडलं तर नवीन अध्यक्षबाईंनी पहिल्याच महिन्यात व्याजाची बेरीज चुकवली आणि मी चक्क त्यांच्या हातातून पेन काढून घेतला. आजही आठवलं की लाज वाटते.

आयोजकांना माझं एवढंच सांगणं आहे की एका दिवसाचा मंडप, जेवण आणि सर्टिफिकेटचा खर्च करता त्याऐवजी वर्षभर महिन्यातून एक दुपार त्या त्या गावच्या पंचायतीत जा, तिथलीच वही उघडा आणि बाईला तिच्याच गावाचा जमाखर्च वाचायला लावा, आणि टर्म संपलेल्या आम्हा बायकांनाही बोलवा, आम्ही फुकट येऊ.

एसटीतली ती मुलगी आता रविवारी संध्याकाळी माझ्याकडे येते. नमुना 8 ची नक्कल काढून आणली तर तिच्या सासऱ्यांचंच नाव चुकलेलं आणि घर एकाचं दोन दाखवलेलं निघालं. दुरुस्तीचा अर्ज तिने स्वतःच्या हाताने लिहिला, दोनदा खाडाखोड झाली, पेन मी घेतला नाही.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य, जि. सातारा