ताईचा टाइप ठरवला कोणी?

चि. छोटू,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सोबतचा सोशिऑनिक्सचा, म्हणजे माणसांचे सोळा टाइप पाडून कोणाचं कोणाशी कसं जमतं ते सांगणाऱ्या सिद्धान्ताचा, सोळा बाय सोळाचा तक्ताही मोठा करून, चष्मा लावून पाहिला. २५६ चौकोन! त्यात तू ‘डॉन किहोटे’, ताई ‘दोस्तोयेव्हस्की’ आणि तुमच्या दोघांच्या चौकोनात लिहिलंय ‘सुपरव्हिजन’, म्हणजे एकाची दुसऱ्यावर देखरेख. म्हणून तुमचं पटत नाही, पुढेही पटायचं नाही, तेव्हा तिचे फोन न घेतलेलेच बरे. वर, हे शास्त्रीय आहे म्हणून मनात राग नाही, असंही तू लिहितोस. इतक्या थंडपणे कुणी भांडत असेल तर माझा जीव टांगणीला लागतो. म्हणून मीही थोडं वाचून काढलं.

हे सोशिऑनिक्स ज्यांनी मांडलं त्या ऑश्रा ऑगुस्टिनाविच्यूते मला आवडल्या. बाई लिथुएनियाच्या, शिकल्या अर्थशास्त्र. १९७०च्या दशकात, सोव्हिएत काळात, त्यांनी दोन गोष्टींची सांगड घातली. एक म्हणजे स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेले मानसिक टाइप. दुसरी, शरीर अन्न पचवतं तसं मन माहिती पचवतं, ही पोलंडच्या आंतोनी केंपिन्स्की या मानसोपचारतज्ज्ञांची कल्पना. अमेरिकेत मायर्स आणि ब्रिग्ज या मायलेकींनीही युंगवरूनच सोळा टाइप काढले होते, पण त्यांचं लक्ष एकेकट्या माणसावर. ऑश्राबाईंनी जोडी पाहिली. दोन भली माणसं एकमेकांना का टोचतात, हा त्यांचा प्रश्न, आणि प्रश्न खरोखर मोलाचा आहे. टाइपांना हॅम्लेट, नेपोलियन, बाल्झाक अशी नावं दिली. एकाला तर फ्रेंच नट गाबँचं! मला त्याची गंमतच वाटली.

आता तुझं सुपरव्हिजन. डॉन किहोटेला नव्या शक्यता दिसतात, पण माणसामाणसांतली नाती सांभाळणं ही त्याची दुखरी जागा. दोस्तोयेव्हस्कीचं बळ नेमकं तिथेच. म्हणजे दोस्तोयेव्हस्की सहज बोलतो आणि डॉन किहोटेला तपासणी चालल्यासारखं वाटतं. मागे तू नोकरी सोडून नवं काही सुरू करायचं म्हणून तासभर उत्साहानं सांगत होतास. सगळं ऐकून ताई एवढंच म्हणाली, “तुझ्याबरोबर काम करणाऱ्याला सांगितलंस का?” तू गप्प झालास, मग चिडलास. मी तिथेच होतो. तिच्या आवाजात खोच नव्हती, आणि तुला लागलं हेही खरं. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे ऑश्राबाईंनी चांगलं पकडलंय. तेवढ्यापुरता तुझा तक्ता मला मान्य.

पण पुढची ओळ तू वाचली नाहीस बहुतेक. सुपरव्हिजन एकतर्फी असतं आणि चौघांची साखळी गोल फिरते. दोस्तोयेव्हस्की डॉन किहोटेवर, डॉन किहोटे मॅक्सिम गॉर्कीवर, गॉर्की नेपोलियनवर आणि नेपोलियन परत दोस्तोयेव्हस्कीवर. गॉर्की म्हणजे नियमाचा, आखून-रेखून चालणारा माणूस. अनिश्चित शक्यतांनी तो कासावीस होतो. ज्याला तू ‘आखडू’ म्हणतोस तो तुझा सहकारी आठव. दर सोमवारी त्याच्यासमोर तू नवीन बेत उधळतोस तेव्हा त्याला काय होत असेल? छळ फक्त वरून आपल्यापर्यंत येतो आणि आपल्यापाशी संपतो, असं तक्त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आणि माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. टाइप ठरवायची ताईची प्रश्नावली भरली कोणी? तूच. तिला न विचारता, तिच्यावर चिडलेला असताना. म्हणजे भांडणावरून तिचा टाइप ठरला आणि त्या टाइपवरून भांडणाचं कारण सापडलं. असल्या वर्तुळातून बाहेर पडायला वाटच नसते. तिनं काहीही केलं तरी ते टाइपात बसणार. आज ती शांत राहिली तर ‘मनात हिशेब ठेवतेय’, बोलली तर ‘बघा, सुपरव्हिजन’.

मुळात टाइप ठरवणंच निसरडं. एकाच माणसाला दोन जाणकार दोन टाइप देतात, आणि विद्यापीठीय मानसशास्त्राच्या मुख्य प्रवाहानं हा सिद्धान्त स्वीकारलेला नाही. तिथे माणसं खणांत घालत नाहीत, गुणांच्या पट्टीवर मोजतात. बहिर्मुखता घे. बहुतेक माणसं पट्टीच्या मधल्या भागात गर्दी करतात, दोन टोकांना कमी. मधोमध उभ्या असलेल्याला अलीकडचा म्हणायचं की पलीकडचा, हे एखाद्या उत्तरावर ठरतं. ‘अगदी मीच!’ असं तू वर्णनाखाली लिहिलंस, त्यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांचा १९४९ साली छापलेला प्रयोग वाच. विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन त्यांनी प्रत्येकाला ‘तुझं’ म्हणून एकच वर्णन दिलं, बरंचसं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. वर्णन किती जुळतं याला मुलांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! युंगसुद्धा वैतागून म्हणाला होता की माणसांना अशी लेबलं चिकटवणं म्हणजे निव्वळ पोरखेळ.

तक्ता फेकून दे असं मी म्हणत नाही. आपण कुठे दुखरे आहोत हे बघायला तो कामाचा आहे. मीही त्यात स्वतःला शोधलं. तुझी आई म्हणते, मी ‘स्टिर्लिट्झ’. मला तर मी ‘बाल्झाक’ निघालो असं वाटतं. यावरून आमचं अजून चालू आहे.

तर असं कर. कोरी प्रश्नावली ताईला पाठव, तिची तिला भरू दे. एक प्रत तिच्याकडून तुझ्याबद्दलही भरून घे, आणि तू तिच्याबद्दल भरलीस ती तिला दाखव. तुझा स्वतःचा धरून चारही कागद मला पाठव. रविवारी सकाळी ती तुला फोन करणार आहे, मीच सांगितलंय तिला. उचल.

तुझा,
बाबा