देणगी आणि थकलेले ऊसबिल

एका साखर कारखानदाराने मंदिराच्या कळसासाठी भरघोस देणगी दिल्याची बातमी आपल्या सांगली आवृत्तीत वाचली. देणगी स्वतःच्या खिशातली की कारखान्याच्या खात्यातली, हे बातमीत नाही. पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: त्या दिवशी ऊसबिले थकलेली होती का?

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर, द्यावी लागते. उशीर झाल्यास सालाना १५ टक्के व्याज. तीन लाखांचे बिल दोन महिने रखडले तर व्याजच साडेसात हजार होते. ते मागायला सहसा कोणी जात नाही, कारण पुढच्या हंगामाची ऊसतोड त्याच कार्यालयातून मिळायची असते. चिटबॉयने, म्हणजे तोडीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या माणसाने, पाळी लांबवली की उभ्या उसाला तुरा येतो, वजन घटते. इकडे सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फिटले नाही की व्याजसवलत जाते. म्हणजे एकाच्या उशिराचा दंड दुसऱ्याने भरायचा, आणि नाव मात्र कळसाखालच्या फरशीवर पहिल्याचे!

धार्मिकतेची पारख देवळात करण्यापेक्षा काटापट्टी (उसाच्या वजनाची पावती) आणि बिलाच्या तारखा शेजारी ठेवून करणे सोपे आहे. साखर आयुक्तालय एफआरपीचा पंधरवडी अहवाल काढते. अशा देणगीच्या बातमीखाली त्या कारखान्याच्या थकबाकीचा आकडाही आपण छापावा, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक, पलूस (जि. सांगली)