सोलापूरच्या उन्हात बोन्सायला पुण्याचं टाइमटेबल चालत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बोन्सायवर लेख आला होता, फोटो एक नंबर होते, पण "हॉलमध्ये ठेवा आणि रोज एकदा पाणी घाला" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पुण्याला चालत असेल ते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, ट्रे जेमतेम दोन इंच खोल, त्यात माती ती किती, सकाळी भिजवलेली दुपारपर्यंत खडखडीत वाळते ओ.

आणि हॉलचं म्हणाल तर वड, पिंपळ, उंबर ही उघड्यावरची झाडं, छोटी केली म्हणून काय घरातली झाली का? एसीत ठेवली की पानं गळतात आणि मग लोक म्हणतात बोन्साय लाभत नाही.

उन्हाळ्यात खरा त्रास वरच्या उन्हापेक्षा खालच्या स्लॅबचा. गच्चीवर थेट ट्रे ठेवला की मुळं खालून भाजून निघतात. दोन विटांवर फळी टाकून त्यावर ट्रे ठेवा, वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट, आणि पाणी सकाळी लवकर व ऊन उतरल्यावर असं दोनदा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, पाइपमधलं तर विचारूच नका, ते डायरेक्ट झाडाला घालू नका. नळाला पाणी कुठं रोज येतंय, म्हणून सावलीत एक बादली भरूनच ठेवायची.

माती फार वाळली असेल तर नुसतं वरून ओतून उपयोग नाही. विशेषतः कोणी शेतातली काळी माती भरली असेल तर ती आकसून ट्रेच्या कडेपासून सुटते, पाणी त्या फटीतून खाली पळतं आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी अख्खा ट्रे टबात बुडवायचा, बुडबुडे येतात, ते थांबले की बाहेर काढायचा. मुळात काळी माती नकोच बोन्सायला, विटांचा बारीक चुरा, जाड वाळू आणि थोडं शेणखत बास झालं. लग्नसराईत गावाला जायचं असेल तर जुनी सोलापुरी चादर भिजवून सावलीत अंथरा आणि त्यावर ट्रे मांडा, एखादा दिवस निभावतो.

मृगाचा पाऊस पडून हवा ओलसर झाली की मगच वडा-पिंपळाची कुंडी बदला, मुळं छाटा. पानं जोरात फुटायला लागली की फांद्याही जाड होतात, तेव्हा आकार द्यायला फांदीला गुंडाळलेली तार सालीत रुतत नाही ना ते बघत राहायचं, एकदा वळ उठला की वर्षानुवर्षं जात नाही.

पावसाळ्याचंही आमचं वेगळंच. जुलै-ऑगस्टमध्ये ढग नुसते येऊन जातात, वारा सुटतो आणि माती वाळते, तरी लोक पावसाळा आहे म्हणून पाणी बंद करतात. आणि खरा पाऊस सप्टेंबरला. ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी आठवत असेलच. अशा पावसात ट्रेच्या एका बाजूला खाली लाकडाचा तुकडा सरकवायचा, ट्रे तिरका झाला की साचलेलं पाणी भोकातून निघून जातं. अडेनियमला (वाळवंटी गुलाब म्हणतात ते) तर वरून आडोसाच पाहिजे, नाहीतर त्याचा फुगीर बुंधा सडतो, दाबला की मऊ लागतो. नंतर ऑक्टोबर हीट सुरू होते, म्हणून नेट लगेच काढू नका.

थंडीचं फार काही नाही. जानेवारीत, आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास माती जास्त वेळ ओली राहते, बोट खुपसून बघायचं आणि मगच पाणी घालायचं. अडेनियमची पानं गळाली म्हणून घाबरून जास्त पाणी घालू नका.

एक विनंती. नर्सरीत जुनिपर (थंड प्रदेशातलं, सुरूसारखं दिसणारं झाड) "इनडोअर बोन्साय" म्हणून विकतात, दिसायला भारी पण त्याला चांगली थंडी लागते, ती इथं कुठून आणणार? भेट द्यायला लोक हौसेनं पैसे घालतात आणि झाड आतून कधी मेलं ते कळतही नाही, कारण पानं बरेच दिवस हिरवीच दिसतात. पुढचा लेख छापाल तेव्हा हे तेवढं टाका, आणि जमलं तर मार्च संपायच्या आत छापा, मेमध्ये वाचून काय करणार लोक.

आपला एक वाचक,
जुळे सोलापूर