रविवारचा बादुआनजिन सराव
सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी 6.30 वाजता नेहमीच्या बागेत बादुआनजिन या चिनी व्यायामप्रकाराच्या आठही हालचाली सलग होतील. भरल्या पोटी येऊ नका. सपाट तळाचे बूट घाला.

• दुसरी (धनुष्य ताणणे): गुडघे पावलांच्या दिशेनेच वाकवा, आत झुकले की दुखतात. बैठक उंच ठेवली तरी चालेल.

• पाचवी, सहावी: रक्तदाब किंवा चक्कर असेल तर डोकं कमरेच्या खाली नेऊ नका.

• सातवी: मुठी आवळताना श्वास कोंडला जातो, जुन्यांचाही! नाकाने, संथपणे चालू ठेवा.

• आठवी: टाचा 7 वेळा उचला. अर्ध्यापर्यंत सावकाश आणून मग अलगद सोडा. जोरात आपटल्या तर हादरा थेट कण्याला बसतो.

नवख्यांनी मधल्या रांगेत उभं राहावं. चौथ्या हालचालीत मान मागे वळते तेव्हा पुढचे दिसत नाहीत.