लॅक्स्टन: कुंपणे पडण्याआधीचे इंग्लंड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या ग्रामीण भागावर आलेला प्रवासलेख वाचला. झुडपी कुंपणांनी आखलेली हिरवी शेते, त्यांत चरणारी मेंढरे आणि झाडांमागून डोकावणारा चर्चचा मनोरा यांचे वर्णन लेखकाने मनापासून केले आहे, आणि त्या निरीक्षणांशी माझा कोणताही वाद नाही. मात्र हा सारा देखावा शतकानुशतके जसाच्या तसा राहिला आहे, असा जो समज त्या लेखातून होतो, तो इतिहासाला धरून नाही. मध्य इंग्लंडमधील अशी पुष्कळशी चौकोनी शेते अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात संसदेच्या कायद्यांनी पाडलेली आहेत. त्यांच्या आधीची शेती कशी होती हे पुस्तकात वाचण्याऐवजी चालू स्थितीत पाहायचे असेल, तर नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या लहानशा गावी जावे लागते. मी याच परगण्यात राहत असल्यामुळे त्याविषयी थोडे लिहावेसे वाटले.

१६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने जमिनींना कुंपणे घालण्यासंबंधीचे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांच्या कक्षेत सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. त्यापूर्वी मध्य इंग्लंडमधील गावाची जिरायत साधारणपणे दोन, तीन किंवा चार विस्तीर्ण, बिनकुंपणाच्या शिवारांत असे. प्रत्येक शिवारात लांबट अरुंद पट्ट्या असत आणि एका शेतकऱ्याच्या पट्ट्या सर्व शिवारांत विखुरलेल्या असत. कायदा झाला की आयुक्त येत, मोजणी होई, विखुरलेल्या पट्ट्यांच्या बदली प्रत्येक मालकाला सलग जमीन मिळे आणि तिला ठरावीक मुदतीत कुंपण घालणे त्याच्यावर बंधनकारक असे. यातून मोठ्या शेतकऱ्याला पिकांचे नवे प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली, हे नाकारता येत नाही. परंतु ज्याच्याकडे गायरानात एखादी गाय चारण्याचा आणि सरपण गोळा करण्याचा हक्क एवढीच काय ती मिळकत होती, त्याचा तो हक्क गेला, आणि बदल्यात तुकडा मिळालाच तर कुंपणाचा खर्च झेपेना म्हणून तो विकावा लागे. आज पर्यटक ज्या कुंपणांची छायाचित्रे काढतात, त्यांतील कित्येक अशा वाटपाच्या वेळी लावलेली आहेत.

लॅक्स्टन या लाटेतून सुटले. शेरवूड अरण्याच्या पूर्वेला, ऑलर्टन आणि टक्सफर्ड या गावांच्या मधल्या भागात, जड चिकणमातीच्या सौम्य चढउतारांवर ते वसले आहे. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातील किल्ल्याचा मातीचा उंचवटा आणि त्याभोवतीचे खंदक अजून ठळक दिसतात. शेतकऱ्यांची घरे शेतात एकेकटी विखुरलेली नसून गावातल्या रस्त्याला लागून दाटीने उभी आहेत. आपल्याकडच्या भाषेत बोलायचे तर येथे पांढरी आणि काळी, म्हणजे वस्तीची जागा आणि शेतजमीन, अजून वेगळी राहिली आहे. साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड ही तीन मोठी शिवारे शिल्लक आहेत. त्यांपैकी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसऱ्यात पड किंवा चारा अशी तीन वर्षांची पाळी चालते. आपल्या पट्टीत मनाला येईल ते पेरण्याची सवलत कोणालाही नाही, कारण पाळी ठरते ती अख्ख्या शिवाराची. पट्ट्यांच्या दरम्यान बांध नसतो, केवळ एक सरी असते. शिवाय नांगर चालू शकत नाही अशा सखल भागांत गवताच्या पट्ट्या राखलेल्या आहेत आणि त्यांतील गवताचा दरवर्षी लिलाव होतो. नांगर कधी न फिरल्यामुळे या पट्ट्यांत जुन्या कुरणांतील रानफुले टिकून आहेत, आणि म्हणून त्यांना शास्त्रीय महत्त्वाचे क्षेत्र म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले आहे.

या गावाचा एक मोठा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. सर विल्यम कोर्टेन या जमीनदारासाठी मार्क पिअर्स याने १६३५ मध्ये केलेल्या मोजणीवरून तो काढलेला असून, त्यावर एकेक पट्टी नोंदलेली आहे. रिकाम्या जागी नांगरणी आणि कापणी करणारी माणसेही चितारलेली आहेत. तो नकाशा आणि आजचे शिवार हुबेहूब जुळतात, असे मात्र कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्ट्या एकत्र करून कमी आणि रुंद करण्यात आल्या, मोकळ्या शिवारांचे क्षेत्रही पूर्वीपेक्षा बरेच आक्रसले आहे, आणि येथील शेतकऱ्यांच्या ताब्यात या पट्ट्यांखेरीज कुंपणातली जमीनही आहे. कापणीला अर्थातच कम्बाइन हार्वेस्टर येतो.

तरीही जे टिकले आहे ते मला नकाशापेक्षा मोलाचे वाटते, आणि ते म्हणजे गावाची न्यायसभा. नोव्हेंबरच्या अखेरीस एके दिवशी शेतकऱ्यांतूनच नेमलेले पंच, ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रेलरमध्ये बसून, त्या वर्षी गहू पेरलेल्या शिवारात जातात. कोणी नांगरताना शेजाऱ्याच्या पट्टीत घुसले आहे का, सामाईक वाटेची किंवा गवताची कड कोणी खाल्ली आहे का, चर बुजले आहेत का, हे ते चालत जाऊन पाहतात, जुन्या खुणांवरून हद्द ठरवतात आणि तेथे लाकडी खुंट्या ठोकतात. आठवड्याभराने डव्हकोट इन या गावातल्या पबमध्ये सभा बसते, तिच्यापुढे पंचांचा अहवाल येतो, दंड सांगितले जातात आणि पुढील वर्षाच्या पंचांना शपथ दिली जाते. दंडाची रक्कम इतकी किरकोळ असते की तिची झळ कोणाच्या खिशाला बसणार नाही. पण ज्याने बांध कोरला त्याचे नाव शेजाऱ्यांच्या समोर, त्याच्याच देखत वाचले जाते, आणि माझ्या मते खरा वचक त्याचाच आहे. भटकी जनावरे डांबण्याचा जुना कोंडवाडाही गावात जपलेला आहे. एके काळी इंग्लंडमध्ये अशा न्यायसभा सर्रास होत्या. १९७७ च्या कायद्याने त्यांचे उरलेसुरले न्यायिक अधिकार संपवले, तेव्हा लॅक्स्टनचा अपवाद जाणीवपूर्वक ठेवण्यात आला.

हे गाव वाचले कसे, याचे एक कारण असे सांगितले जाते की येथील मालकी दोन मोठ्या जमीनदार घराण्यांत विभागलेली होती आणि जमिनींच्या अदलाबदलीवर त्यांचे एकमत वेळेवर झाले नाही. म्हणजे सुरुवातीला तरी जतनाचा उदात्त हेतू वगैरे काही नव्हता. तो हेतू आला १९५२ मध्ये, जेव्हा त्या जमीनदारांपैकी अर्ल मॅनव्हर्स यांच्याकडून कृषी मंत्रालयाने ही शिवारे टिकवण्यासाठी मालमत्ता विकत घेतली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे गेली. पुढे क्राउन इस्टेटने ती विक्रीला काढली तेव्हा या पद्धतीचे काय होणार अशी चिंता व्यक्त झाली, आणि अखेर २०२० मध्ये ती थोर्सबी इस्टेटने, म्हणजे ज्या घराण्याकडून सरकारने ती घेतली होती त्याच्याच वारशातील संस्थेने, परत घेतली. मालक इतक्या वेळा बदलूनही पंचांची फेरी चालू राहिली. मालकाची सदिच्छा आवश्यक होतीच, पण ती पुरेशी ठरली नसती. ज्यांना त्या शिवारात पेरायचे आहे त्यांच्याच हाती नियम आणि त्यांची वार्षिक तपासणी राहिली, म्हणून लॅक्स्टन संग्रहालय न होता शेतकऱ्यांचे गाव राहिले, असे माझे मत आहे. प्रवासलेखात या बाजूचा उल्लेखही नसावा, याचे मला वाईट वाटले.

आपल्या वाचकांना यातील एक गोष्ट विशेष ओळखीची वाटेल. वाटणीच्या वेळी प्रत्येक भाऊ चांगल्या जमिनीतही वाटा मागतो आणि माळावरही, आणि त्यातून तुकडे पडतात. विखुरलेल्या पट्ट्यांतून चांगली आणि हलकी जमीन सर्वांच्या वाट्याला येण्याची सोय लॅक्स्टनसारख्या गावांतही होत असे. महाराष्ट्रात १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे आणि तुकडा हा दोषच मानला जातो. लॅक्स्टनचे उदाहरण देऊन त्या कायद्याला विरोध करण्याचा माझा हेतू नाही, कारण पीकपाळी सामाईक नसेल आणि हद्दीवर गावाची नजर नसेल, तर विखुरलेली जमीन शेतकऱ्याला जाचकच होते. एवढेच सुचवतो की बांधावरून होणारे आपल्याकडील कज्जे वर्षानुवर्षे कचेरीत खितपत पडतात, आणि येथे तशाच तक्रारी खुंटी ठोकून एका आठवड्यात निकालात निघतात; या फरकाचा अभ्यास आपल्या एखाद्या कृषिविषयक लेखकाने अवश्य करावा.

आपल्या प्रवासलेखकांनी पुन्हा इकडे यायचे ठरवले, तर त्यांनी उन्हाळ्याऐवजी नोव्हेंबर संपताना यावे. त्या वेळी फुले नसतील, रस्त्यावर चिखल असेल आणि दुपारी चारलाच अंधारू लागेल, पण पंचांचे काम त्याच सुमारास चालते. पबच्या आवारात माहिती केंद्र आहे आणि शिवारांतून सार्वजनिक पायवाटा जातात. गहू नुकता उगवलेला असतो, तेव्हा वाट सोडून पट्टीत पाय ठेवू नये.

आपला,
एक वाचक, नॉटिंगहॅम