किकला अजून पाय लावू नकोस

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व),
रविवार रात्र

प्रिय लंब्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. कणकवलीच्या घरी पडवीत काकांची हिरो होंडा सीडी हंड्रेड मोटारसायकल पाच वर्षं उभी आहे, किक हलत नाही, भंगारवाला वजनावर पैसे देतो म्हणतोय, देऊन टाकू का, असं विचारलंयस. नको देऊस. निदान हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत तरी नको. गेले दोन महिने कंपनीतून सुटल्यावर मी दुसरं काहीच केलं नाही. अगदी तशीच एक गाडी चालू केली आणि काल ती पवईपर्यंत नेऊन आणली.

आपल्या बिल्डिंगखाली सकाळी पाव घेऊन यायचे ते चाचा आठवतात ना? मागे ताडपत्रीचे दोन झोले, पुढे टाकीवर टोस्टची पिशवी. त्यांचीच ही ९६ची गाडी. गुडघे गेल्यावर चाचांनी धंदा मुलाकडे दिला, मुलाने बॅटरीवरची स्कूटर घेतली आणि ही बदामाच्या झाडाखाली लागली. तीन पावसाळे तिथेच. आता रीडेव्हलपमेंटमुळे सोसायटीने नोटीस लावली, पटांगणातल्या बंद गाड्या उचला म्हणून. भंगारवाला अठराशे देत होता. मी अडीच हजार दिले. घरी बोलणी बसली, ती बसायचीच होती. पण लंब्या, ही गाडी १९८५ मध्ये आली तेव्हा लिटरला ८० किलोमीटरचा कंपनीचा दावा होता आणि पाववाले, दूधवाले, पेपरवाले यांची घरं तिच्यावर चालली. असं इंजिन नुसतं उभं राहिलं म्हणून कापायला जावं, हे मला पटेना.

किक दगडासारखी होती. नाक्यावरच्या एका गॅरेजवाल्याने लांबूनच सांगितलं, इंजिन जाम, बोअर-पिस्टन, म्हणजे सिलिंडर आणि त्यातला दट्ट्या, बदलायला लागेल, सहा हजार. त्याने गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. मी ती ढकलत पार्कसाइटला नेली. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी ठिणगीचा प्लग काढला, आत टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, मोडलेलं काही नाही, गंजाने धरलंय. त्यांनी जे समजावलं ते तुला सांगतो, कारण तुझ्याकडेही हेच झालं असणार. इंजिन बंद होताना एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर तिथून बाहेरची हवा सिलिंडरात शिरते. आपली ही खारी, दमट हवा. पिस्टनच्या रिंगा आणि बोअरची भिंत यांच्यामध्ये गंजाचा पातळ थर बसतो आणि दोघं चिकटतात. अशा वेळी जोर लावून किक मारली तर रिंग तुटते किंवा किकचे दाते जातात. सहा हजारांचा खर्च तिथून सुरू होतो.

उपाय साधा आहे, फक्त धीर लागतो. निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल. प्लगच्या भोकातून सिरिंजने पन्नासेक मिली आत सोडायचं. पण या इंजिनाचं सिलिंडर उभं नसतं, जवळजवळ आडवं असतं, पुढच्या चाकाकडे तोंड करून. त्यामुळे तेल पिस्टनवर न थांबता हेडकडेच साचतं. म्हणून पुढचं चाक विटांवर चढवायचं, चांगलं हातभर, म्हणजे तेल मागे वाहून पिस्टनला भिडतं. भोकात कापडाचा बोळा घालून ठेवायचं. रोज थोडं नवीन तेल, आणि रोज एकदा टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूच पुढे-मागे करायचं. हाताच्या जोराने. पायाच्या नाही.

माझं चाक आठ दिवस हललं नाही. रोज रात्री जेवून खाली जायचो, चाक धरायचो आणि परत यायचो. वॉचमन बघत उभा राहायचा. नवव्या रात्री अंगठ्याएवढं सरकलं. मला आधी वाटलं चेनची ढिलाई आहे. परत केलं, परत सरकलं. मी तिथेच ओट्यावर बसलो, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण फेरा झाला.

मोकळं झालं की लगेच चालू करायला जाऊ नकोस. ते डिझेल रिंगांमधून झिरपून खालच्या ऑइलमध्ये गेलेलं असतं. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर वाचवलेलं सगळं अर्ध्या तासात घासून जाईल. आधी सगळं जुनं ऑइल सोडायचं, नवीन भरायचं, आणि शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा बदलायचं. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

करंटने मला दोन दिवस रडवलं. प्लग इंजिनाला टेकवून किक मारली तर ठिणगीच नाही. या गाडीच्या ठिणगीला बॅटरी लागत नाही, मॅग्नेटवर काम होतं, म्हणजे बॅटरीचा दोष नव्हता. मी प्लगला करंट देणारी कॉइल बदलायला निघालो होतो, त्यासाठी ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट बाजारात जायचीही तयारी झाली होती. उस्तादांनी थांबवलं. चावी बंद केली की एक वायर बॉडीला अर्थ होते आणि करंट थांबतो. टाकीखाली उंदरांनी नेमकी तीच वायर कुरतडली होती आणि उघडी तार फ्रेमला टेकत होती. गाडीच्या लेखी चावी कायमची बंदच. चार इंच टेप गुंडाळली, निळी ठिणगी आली. तुझ्या पडवीतही उंदीर असणारच, आधी टाकी उतरवून वायरिंग बघ.

टाकीत गंजाचा चिखल होता. मूठभर नट-बोल्ट घालून खळखळ हलवली, मग दोन दिवस व्हिनेगर भरून ठेवलं, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात कडकडीत वाळवली आणि शेवटी थोडं पेट्रोल फिरवून ओतून टाकलं. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा तपकिरी डिंक झाला होता. पेट्रोल ज्यातून येतं ते दोन जेट असतात; मेन जेट पटकन साफ झाला, स्लो जेटचं भोक मात्र केसाएवढं. त्यात स्टीलची तार घालायची नाही, भोक मोठं होतं आणि गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्यायची. फ्लोटच्या निडलचं, म्हणजे पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं, रबर कडक झालं होतं, पेट्रोल ओव्हरफ्लो व्हायचं, तीही बदलली. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. कोकणात तर हे हवंच.

टायर दिसायला बरे होते. बाजूवर चार आकडे असतात ते बघ. माझ्या टायरवर १४१८ होतं, म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा. एवढे जुने म्हणून दोन्ही काढले. ब्रेक शू, दोन केबल, चेन धुऊन तेल. सगळं धरून साडेनऊ हजार गेले, त्यात टायर-ट्यूबच सगळ्यात जास्त.

आणि मग तो रविवार. सकाळी सहापासून किक मारतोय. फुल्ल चोक, अ‍ॅक्सिलेटर पिळून, चोक बंद करून. प्लग ओला, काढा, पुसा, परत. साडेसातला चाचा काठी टेकत खाली आले. थोडा वेळ नुसते बघत राहिले, मग म्हणाले, ‘अ‍ॅक्सिलेटर सोड बेटा. चोक आधा. चावी बंद ठेवून दोन किक, मग चावी चालू करून तिसरी.’ तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. सायलेन्सरमधून पांढरा धूर, उरलेलं डिझेल जळत होतं, मग धूर विरळ झाला आणि तो आवाज आला. तोच, टकटक-टकटक, जो ऐकून आपण शाळेत जायला उठायचो. पहिल्या मजल्यावरच्या मावशींनी खिडकी उघडून विचारलं, पाव आला का रे? चाचांनी हँडलवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पहिली फेरी त्यांनाच मागे बसवून मारली, मार्केटपर्यंत.

कागदाचं थोडक्यात सांगतो. गाडी माझ्या नावावर करायला चाचांची सही घेऊन फॉर्म २९ आणि ३०, नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, पर्यावरण कर, विमा, नवी नंबर प्लेट. वडाळ्याच्या आरटीओत तीन खेपा झाल्या. पीयूसीची मला धास्ती होती, पण २००० सालाआधीच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे आणि आपली २.१ वर पास झाली. तुझं वेगळं आहे. काका गेले, तेव्हा वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागेल आणि तुला ओरोसच्या आरटीओत जावं लागेल. आरसी बुक आधी शोध. काकींच्या लोखंडी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली बघ, त्या सगळे कागद तिथेच ठेवतात.

भाऊबीज झाली की मी तुतारी एक्स्प्रेसने येतोय, चार दिवसांची रजा टाकली आहे. स्लो जेट, निडल, गॅस्केट आणि प्लग पाना बरोबर आणतो. ऑइल तिथे घेऊ. तोवर तुझं काम एवढंच: पुढचं चाक विटांवर चढव, प्लग काढ, आणि आज रात्रीच डिझेल-ऑइल सोड. रोज चाक हलवून बघ. ज्या दिवशी सरकेल त्या दिवशी, कितीही वाजलेले असोत, मला फोन कर. किकला मात्र मी येईपर्यंत पाय लावू नकोस.

काकींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बारक्या