जाळरेषा साफसफाई: रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

ग्रामसभेच्या सर्व सदस्यांना नमस्कार.

मोहफूल वेचणी सुरू होण्याआधी सामूहिक वनहक्काच्या जंगलाच्या हद्दीवरची जाळरेषा, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, झाडून घ्यायची आहे. दर घरामागे एक माणूस, बाई असो की बाप्या. गोटुलासमोर (गावाच्या सामूहिक घरासमोर) जमू. खराटा, कुऱ्हाड, पाणी आणि शिदोरी सोबत आणावी. चप्पल नको, बूट घाला.

रेषा ३ मीटर रुंद, खालची माती दिसेपर्यंत. वरवर पाला सारून उपयोग नाही. झाडलेला पाला रेषेच्या काठावर ढीग करून ठेवू नका. वाऱ्यात त्याच ढिगातून ठिणगी पलीकडे जाते. तो जंगलात पातळ पसरवा. रेषेवर आडवं पडलेलं वाळलं लाकूड हमखास राहून जातं आणि आगीला पूल मिळतो. ते तोडून बाजूला करा. सागाची पानं मार्चमध्येही गळतात, म्हणून १५ मार्चला (रविवारच आहे) दुसरी फेरी.

- फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखाली पाला जाळायचा नाही. खोडाची साल भाजते, रोपटी मरतात; म्हणून तर शिवारात म्हातारे मोह दिसतात, तरणे नाहीत. बुंध्याभोवती झाडून जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा.
- तेंदूला चांगला पाला फुटावा म्हणूनही आग नको. खुटकटाई (झुडपं जमिनीलगत छाटणं) केली की पुरे.
- धूर दिसला तर आधी गटावर जागा कळवा, मग निघा. एकट्याने जाऊ नये.

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ प्रमाणे राखणीचा अधिकार ग्रामसभेचा आहे. येता येणार नसेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत समितीला सांगा, बदली माणूस चालेल.

– वन व्यवस्थापन समिती